माहेर फ्रान्सचं, सासर इटलीचं

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजींच्या हाती दिलेली बाटली नीट पोचली ना? ती इटलीची जुनी रेड वाइन आहे. द्राक्षं मात्र फ्रान्सच्या बोर्दोकडच्या जातींची, काबर्ने आणि मर्लो. इटलीत नेऊन लावलेली. गेली कित्येक वर्षं ती मुरते आहे. माझी खोली पडली बेकरीच्या वर. खाली दिवसभर भट्टी पेटलेली, माझ्याकडे वाइनचा काढा होईल. तुझी मागची खोली थंड आहे. बाटली आडवी ठेव, उजेड नको, आणि हादरा तर अजिबात नको. तळाचा गाळ उठला की सगळं पाण्यात.

तुला म्हणून सांगतो, हसू नकोस. बाटली खालच्या बेकरीवालीसाठी घेतली आहे. दुकानदार म्हणाला, अजून दोन वर्षं थांबा, मग खरी पिकेल. तेव्हा उघडेन आणि तिला लग्नाचं विचारेन. तोवर कुणाला बोलू नकोस, भावोजींना तर मुळीच नको.

लोभ आहेच, थोडा बाटलीवरही असू दे.

तुझा,
धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी बाटली सुखरूप आहे, आम्ही नाही. माहेर फ्रान्सचं, सासर इटलीचं आणि बाळंतपणाला आली माझ्या घरी! खिडकीला जाड पडदे लावले, गादी तिला दिली. भिंतीपलीकडेच ह्यांचं शिवणयंत्र. त्याचे हादरे बसतात म्हणून ह्यांनी ते बंदच केलं आणि हाताने शिवायला बसले. एक पँट आठवडा खाते. गिऱ्हाइकं दारात येऊन ओरडतात, तर हे ओठांवर बोट ठेवून म्हणतात, हळू, आत झोपली आहे. समोरच्या बाईंनी विचारलं, घरात कोण आजारी आहे. मी म्हटलं, माझा भाऊ, पण तो दुसऱ्या गावी असतो.

ह्यांना सांगू नकोस हे तू पत्राच्या शेवटी लिहिलंस. तोवर मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आता इलाज नाही.

अरे, दोन वर्षं कशाला? पन्नाशी गाठलीस, केस पिकले, आणखी काय पिकायचं राहिलंय? उद्याच विचार.

रागावले तरी माया तीच आहे, असं समज.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घात झाला. बेकरीवालीच्या भावाने समुद्राकाठच्या गावात बेकरी घेतली आहे आणि तिला चालवायला बोलावतो आहे. महिनाअखेरीला ती कायमची जाणार. चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला माझ्या दुकानात आली, तेव्हा तिनेच सांगितलं. वर विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का. मी म्हणालो, तिकडे वारा फार, जाड कोट शिवून घ्या, आमचे भावोजी उत्तम शिवतात. आणि तुमचा पत्ता दिला.

माझं जेवणात लक्ष नाही. काल एकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला, तो आनंदाने घालून गेला. पण कच्ची वाइन उघडून कसं विचारू? तुरट लागली तर जन्मभर तोंड वाकडं करून बघेल. तिला काही बोलू नका. कोट मात्र चांगला होऊ दे.

मूर्ख असलो तरी तुमचाच आहे, तेव्हा सांभाळून घ्यावं.

तुझा,
धाकटा

२८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

धन्य आहे तुझी! जी जाऊ नये म्हणून तुझा जीव कासावीस, तिला जायचा कोट शिवून देतोस, आणि तोही सख्ख्या भावोजींकडून!

माप देऊन गेलेली तुझी बेकरीवाली आज कोट न्यायला पुन्हा आली. कोटाची जेमतेम एक बाही झालेली. बाई भडकल्याच. म्हणाल्या, मशीन मोडलंय की काय? ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. बाटली, गादी, हादरे, दोन वर्षं, लग्न, सगळं सांगून मोकळे झाले. तिने हातातली बाही खाली ठेवली. मग म्हणाली, दाखवा.

खोलीत जाऊन बाटलीकडे तिने बराच वेळ पाहिलं. आधी हसली, मग डोळे पुसले, मग म्हणाली, उघडा. ह्यांनी कातरीच्या टोकाने बूच काढलं, अर्धं आत पडलं. अस्तराच्या मलमलीतून गाळून चहाच्या कपांतून घेतली. आधी जीभ ओढली गेली, मग काळ्या मनुकांची चव आली. तिने दुसरा कप मागितला. ह्यांनी तिसरा घेतला, मशीन सुरू केलं आणि बाही खिशाच्या जागी शिवून टाकली. एक थेंब उरला नाही. वाईट वाटेल तुला, पण मी माफी मागणार नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तीच घेऊन निघाली आहे, तुझ्या दाराखालून सरकवील. खालच्या ओळी तिच्या.

आमच्यावरचा लोभ उद्यापासून दोघं मिळून वाढवा.

तुझी,
ताई

चष्मेवाले साहेब, वाइन पिकलेली होती. भावाला सांगून टाकते, दुसरं कुणी बघ. मी खाली भट्टीपाशी आहे. जिना उतरून या आणि स्वतःच्या तोंडाने विचारा. उत्तर हो आहे, पण विचारल्याशिवाय देणार नाही.