शंभर टक्के पूर्ण

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी इथे परदेशात, क्लेटनला दुसऱ्या सेमिस्टरमध्ये होते. एका घरात सहा मुली, सकाळी युनिव्हर्सिटी आणि दुपारनंतर एज्ड केअर होममध्ये शिफ्ट. फोनवर मी तुम्हाला 'हॉस्पिटलसारखं काम आहे' एवढंच सांगायचे. म्हाताऱ्या माणसांना भरवते, त्यांना धुते-पुसते, हे सांगायची लाज वाटायची. आज त्याच कामाबद्दल लिहायला बसले आहे, कारण माझ्या हातून जे झालं ते समजेल असं दुसरं कुणी मला सुचत नाही.

आता मी पॉइंट कुकला राहते आणि गाडीने वीस मिनिटांवर असलेल्या एका होममध्ये स्टाफच्या ट्रेनिंगचं बघते. म्हणजे तुमचंच काम. तुमच्या हाताखाली शिकाऊ फिटर होते, माझ्याकडे केअरर आहेत. आमच्या वेळी आली होती तशी विद्यार्थ्यांची लाट पुन्हा आली आहे आणि आमचा निम्मा स्टाफ युनिव्हर्सिटीतल्या पोरांचाच आहे. ज्यांना गिळायला त्रास होतो अशांना कसं भरवायचं, हे या पोरांना शिकवायचं होतं. पर्याय दोन होते. एक म्हणजे स्पीच थेरपिस्ट तीन दुपारी येणार, सहा-सहा जणांना घेऊन बसणार आणि एकमेकांना भरवायला लावणार. दुसरा ऑनलाइन मॉड्यूलचा. फोनवर अर्ध्या तासाचा मामला, शेवटी दहा प्रश्न, पास झालं की नावापुढे हिरवी खूण. पहिल्यासाठी माणसं कामावरून सोडावी लागली असती, आणि आमच्याकडे माणसं आधीच कमी. मॅनेजर म्हणाली, "यू डिसाइड. फ्लोअरवरचं काम तुला माहीत आहे." मी मॉड्यूल निवडलं. पोरं हुशार आहेत, म्हटलं, पटापट उरकतील. त्यांनी उरकलंही. 'शंभर टक्के पूर्ण' असा कागद छापून मी स्टाफरूममध्ये लावला.

एक दिवस सारखा आठवतो: मी सहावीत आहे आणि कुकर लावायचा हट्ट धरला आहे. तुम्ही ओट्याशी हात मागे बांधून उभे आहात. "येतो मला, रोज बघते आईला," मी म्हणते. "बघतेस, की येतो?" तुम्ही विचारता. मी रिंग तीनदा चुकीची बसवते, रडकुंडीला येते, पण तुम्ही जागचे हलत नाही. त्याच वर्षी तुमच्या कंपनीला नवीन शेड सुरू करायची होती, म्हणून सगळ्या अप्रेंटिसना घाईने पास करा असं वरून आलं. निम्म्यांच्या कार्डांवर तुम्ही सही केली नाहीत. महिन्याभरात तुमची बदली स्टोअर्सला झाली आणि रिटायर होईपर्यंत तुम्ही तिथेच राहिलात. मला तुमचा फार राग यायचा. "सही केली असतीत तर काय बिघडलं असतं?" असं एकदा जेवताना विचारलंही होतं. तुम्ही आणखी एक भाकरी वाढून घेतलीत.

आमच्या या पोरांमध्ये नाशिकची एक मुलगी होती. कामाला लागून तीन आठवडे झाले होते, मला ताई म्हणायची. दुपारच्या जेवणाला एका आजोबांना भरवत होती. सारं आयुष्य त्यांनी ट्राम चालवली होती. आता बोलणं गेलं होतं, पण कुणी दारात आलं की हात वर करायचे. त्यांची खुर्ची मागे कललेली होती आणि तिने ती सरळ केली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला त्यांना ठसका लागला. आपल्याकडे ठसका लागला की काय करतात? तिने धावत जाऊन ग्लासभर पाणी आणलं आणि ओठाला लावलं. त्यांना साधं पातळ पाणी चालत नव्हतं, पावडर घालून घट्ट केलेलंच द्यायचं होतं. ते थेट फुप्फुसात गेलं. चौथ्या दिवशी ते हॉस्पिटलमध्ये वारले.

नंतर चौकशीची मीटिंग झाली. त्यांची मुलगी समोर बसली होती, साठीची, हातात वडिलांचा स्वेटर. तिने एकच विचारलं, "हिला कुणी करून दाखवलं होतं का?" नाशिकच्या मुलीने माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "तिचं ट्रेनिंग पूर्ण आहे. दहापैकी दहा." शब्दाने खोटं नव्हतं. पण त्या वाक्यानंतर त्या खोलीत चूक फक्त तिची उरली.

कॉरिडॉरमध्ये तिने मला गाठलं. "ताई, पातळ पाणी द्यायचं नाही, हे उत्तर मी बरोबर दिलं होतं. पण ते खोकायला लागले आणि माझा हात आपोआप पाण्याकडेच गेला."

"घरी जा, आराम कर," मी म्हणाले. त्या आठवड्यापासून तिला शिफ्ट मिळाल्या नाहीत. पुढे कळलं की ती कोर्स अर्धवट सोडून परत गेली. मी दोनदा फोन केला. तिने उचलला नाही.

आणि मला ठाऊक नव्हतं असंही नाही. क्लेटनच्या दिवसांत, माझ्या पहिल्याच आठवड्यात, एका वयस्क फिलिपिनो केअररने मला खुर्चीत मागे रेलायला लावून चमच्याने पाणी पाजलं होतं. ते नाकात गेलं, डोळ्यांतून पाणी आलं. "आता नाही विसरणार तू," ती म्हणाली होती. खरंच विसरले नव्हते.

आता थेरपिस्ट येते. मी प्रत्येकाला खुर्चीत मागे रेलवते आणि दुसऱ्याच्या हातात चमचा देते. आधी हसतात, मग हसू थांबतं. मॅनेजरने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी "थँक्स" म्हणाले.

हे पत्र आईकडे पाठवून तुमच्या फोटोपुढे ठेवायला सांगणार होते, पण ती ते उघडून वाचेल. म्हणून ते इथेच राहील. चौकशीच्या कागदांत एक गोष्ट मी लिहिली नाही. ते मॉड्यूल निवडायच्या आधी मी स्वतः करून पाहिलं होतं, लंचब्रेकमध्ये, सँडविच खाता खाता. एकही पान वाचलं नाही, नुसतं पुढे-पुढे दाबत गेले आणि पास झाले. मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. तरी निवडलं.