गाजरगवताचा निकाल लावतो

५ मार्च
मुलीचा फोन. सुट्टीत नातीला, चिमणीला, घेऊन येणार, पण एका अटीवर: अंगणातलं गाजरगवत गेलं पाहिजे. मागच्या वेळी तिच्या अंगभर पुरळ उठलं होतं. मान्य. पण ते गवत शेजारून, धाकट्या भावाच्या अंगणातून आलं, हे कोणी बोलत नाही. उद्यापासून युद्ध.

६ मार्च, सकाळी
जरा ऊन पडलं की सुरू करतो.

दुपारी
ऊन फार आहे.

९ मार्च
सुरुवात! कमरेएवढं माजलंय, वर पांढरी फुलं. एकेक उपटलं, दणादण आपटून मुळांची माती झटकली. बायको म्हणाली, ग्लोव्हज घाला, तोंडाला फडकं बांधा. नाजूक माणसांची थेरं! धाकटा भिंतीवरून डोकावला. म्हणे, दादा, फुलावर आलेलं असं झटकू नकोस, बी सांडतं. मी म्हटलं, आधी तुझं अंगण बघ. त्याचं अंगण लख्ख आहे. निव्वळ दिखावा.

११ मार्च
हात आणि मान खाजते. उष्णता असणार. बायको काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला चांगलं ऐकू येतं.

१६ मार्च
उपटलेलं गवत खड्ड्यात कुजवायला घातलं. फुकटचं खत! धाकट्याने पुन्हा तोंड घातलं, याचं खत करू नकोस म्हणून. ही आयडिया आपल्याला सुचली नाही, हे त्याचं खरं दुखणं.

१ एप्रिल
खत पुरतं कुजलेलं नाही. पण चिमणीला खेळायला लॉन वेळेवर नको का? अंगणभर खत पसरलं, त्यावर लॉनचं बी. रोज पाइपने पाणी मारणार.

१० एप्रिल
उगवली! काय दाट! पानं जरा नक्षीदार आहेत, बी भारी जातीचं असणार. मुलीला फोटो पाठवायचा नाही, सरप्राइज. धाकट्याला मुद्दाम बोलावून दाखवली. त्याने वाकून एक पान निरखलं. मग म्हणाला, दादा, हे गाजरगवतच आहे. जळतो मेला! भिंत चांगली उंच करून घेतो. त्याचं तोंड दिसायला नको.

२८ एप्रिल
लॉन गुडघ्याला लागली. बायको म्हणते, लॉनला पांढरी फुलं येत नाहीत. येतात काहींना. भिंतीसाठी गवंडी ठरवला.

३ मे
आल्या. चिमणी आजोबा म्हणत आत धावली, तोच मुलीने तिचा दंड धरून मागे ओढलं. बाबा, हे काय, एवढंच म्हणाली. लॉन, मी म्हणालो. दोघी काकाकडे गेल्या. बॅगाही गेल्या. जरा बघून येते म्हणून बायकोही गेली, ती जेवायलासुद्धा परत आली नाही.

संध्याकाळी
चिमणी पलीकडे हसतेय. टाचा उंच केल्या की भिंतीवरून दिसते. गवंड्याला येऊ नको म्हणून कळवलं.
धाकटा भिंतीपाशी आला. खाजेचं मलम पुढे केलं.
घेतलं.