वरच्या फळीवरची पाटी

कैवोलाहती, २ मे २००७

माझ्या वडीलधाऱ्या, शहाण्या आणि न विचारता सल्ला देणाऱ्या सायमीअक्कास,

धाकट्या भावाचा, कंबर जेवढी वाकू देते तेवढं वाकून, नमस्कार. तुझा डावा गुडघा कसा आहे? (रेडिओवाल्यांपेक्षा त्याचा पावसाचा अंदाज बरा असतो, म्हणून विचारतो. बटाटे लावायचे आहेत.) मांजर खातंपितं ना? माझी तब्येत ठणठणीत आहे. मुस्ती म्हातारा झाला आहे, पण पोस्टमनवर भुंकायचं कर्तव्य अजून चुकवत नाही. तळ्यावरचा बर्फ परवा फुटला.

तुझं पत्र पोचलं. तुझा लेक तापानी तुला तुझ्या नावदिनाला ती खिशात मावणारी इंटरनेटची पाटी घेऊन देणार म्हणतो, आणि तुला असल्या वस्तूंवर विश्वास नाही. म्हणून तू मला हुकूम सोडलास: ‘तुझ्याकडे फेब्रुवारीपासून आहे, तर तिचे फायदे-तोटे सविस्तर लिही, आणि हो, त्यात आइलाचं नाव काढू नकोस.’ अक्का, हे म्हणजे मासे तळ पण तव्याला हात लावू नकोस असं झालं. पाटी आइलानंच पाठवली आहे. सहा वर्षं बापाशी धड बोलली नाही म्हणून तू तिच्यावर डूख धरून आहेस, ते माहीत आहे. पण माझी एकुलती एक मुलगी आहे ती, आणि ती परत मिळते की कायमची जाते हे सगळं या चार इंचाच्या काचेवर येऊन ठेपलं होतं. तेव्हा तिचं नाव येणार. रागाव, पण पत्र चुलीत घालू नकोस.

पहिला तोटा असा की ती नुसती आणून चालत नाही. खोक्यात पाटी, तिची वायर, दात कोरायच्या काडीएवढी एक लेखणी आणि आइलाची एका ओळीची चिठ्ठी होती: ‘बाबा, बाळ झालंय, ही चालू करा.’ ना नमस्कार, ना चमत्कार. (माझीच लेक. शब्द जपून वापरते.) मी दहा दिवस ती कपाटात, कपबश्यांच्या मागे ठेवली. रोज काढून बघायचो, पुसायचो, परत ठेवायचो. शेवटी फिरत्या वाचनालयाची बस आली तेव्हा हिय्या करून सिनिक्काबाईंना दाखवली. त्या बस चालवतात, पुस्तकं देतात आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे चष्मे दुरुस्त करतात. त्या म्हणाल्या, “अहो तावेत्ती, हिला हवेतून लहर लागते. तुमच्याकडे आहे का?” मी म्हटलं, माझ्याकडे विहीर आहे.

लहर शेजारच्या लिंडक्विस्ट इंजिनियरांकडे होती. निवृत्त होऊन हेलसिंकीहून इथे राहायला आलेत ते. मग आमची वरात निघाली. पुढे पाटी उंच धरलेल्या सिनिक्काबाई, मागे मी, माझ्यामागे मुस्ती, आणि बसमध्ये पुस्तकं बदलायला आलेल्या तिघी बाया, ज्यांना काय चाललंय ते विचारायचा संकोच वाटत होता. घरात लहर नाही. गोठ्यात नाही. लाकडांच्या खोपीत क्षणभर आली नि गेली. शेवटी लागली ती कुठे म्हणशील? तळ्याकाठच्या आपल्या सौन्यात, वाफेनं न्हायच्या खोलीत! तिथेही खालच्या फळीवर नाही. वरच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात, जिथे आप्पा बसायचे, बरोब्बर तिथे. सिनिक्काबाई म्हणाल्या, “आता शेजाऱ्यांना विचारून घ्या.” मी गेलो. त्यांच्या अंगणात पाच मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो. (इंजिनियरसाहेबांना बहुधा कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं ते लहर सोडणारं डबडं आमच्या बाजूच्या खिडकीत आलेलं दिसलं. त्यावर आम्ही अजून एक शब्दही बोललेलो नाही. असा शेजार नशिबाने मिळतो.)

दुसरा तोटा म्हणजे गावात माणसाची अब्रू जाते. कॅनडात आइलाकडे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा. म्हणून मार्चमध्ये रोज सहाला मी ओव्हरकोट, कानटोपी, हातमोजे घालून आणि कॉफीचा थर्मास घेऊन सौन्यात जाऊन बसू लागलो. बाहेर उणे बारा, आत उणे नऊ. अक्का, तूच सांग, धुराड्यातून धूर नाही आणि माणूस कपड्यांसकट थंड सौन्यात तासभर बसतो, हे पलीकडच्या घरातल्या मार्ताच्या खिडकीतून कसं दिसत असेल? आठवड्यात गावभर झालं: तावेत्ती खचला. मार्ता भाताची कापं घेऊन आली, तिची बहीण माशाची वडी घेऊन आली, आणि दोघी माझ्याकडे अशा बघत होत्या की मी आडवा झालो तर उचलायला बरं. मग पाद्रीसाहेब आले. वेलचीचा पाव खाल्ला, दोन कप कॉफी घेतली, वीस मिनिटं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“सौना थंड असतो असं कानावर आलं,” ते म्हणाले.

“असतो,” मी म्हटलं.

“बरं,” म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. मी खरं सांगू शकलो असतो. पण लेकीशी बोलतो म्हटलं असतं, तर ‘काय म्हणते?’ असं विचारलं असतं, आणि तिथेच तर सगळं अडलं होतं. ती काही म्हणत नव्हती आणि मीही काही म्हणत नव्हतो.

पहिल्या दिवशी मला तिचं छत दिसलं आणि तिला माझी कानटोपी. चेहरा आधी यायचा, आवाज मागून. दोघांनी ‘दिसतंय का’ विचारलं, ‘दिसतंय’ म्हटलं आणि विषय संपला. मी थर्मासमधून कॉफी ओतली. तिनेही तिकडे कप उचलला. मग बाळ दाखवलं, लाल, टकलं, माझ्यासारखं कपाळाला आठ्या घालून बसलेलं. आम्ही तेरा मिनिटं नुसते एकमेकांकडे बघत बसलो, आणि अक्का, इथे पहिला फायदा लिहून ठेव: फोनवर गप्प बसलं की माणूस रागावला असं वाटतं, पाटीवर गप्प बसलं की नुसता माणूस गप्प बसलेला दिसतो. हा फायदा कोणत्याही जाहिरातीत नाही. आपल्या घराण्याला तर याच्याइतका उपयोगी दुसरा नाही.

तिसरा तोटा मात्र भारी आहे, नीट वाच. पाटी खिशात मावते, म्हणून माणूस ती कुठेही ठेवतो. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मी नेहमीसारखा सौना तापवला. कपडे उतरवले, वर चढलो, तापलेल्या दगडांवर पाणी मारलं. वाफ कशी, तर कान सोलून निघावेत अशी. आणि त्या वाफेत, अंगावर झोडायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या सुक्या जुडीखालून, पाटी वाजायला लागली. शुक्रवारी मीच तिथे विसरलो होतो! आधी वाटलं, वाजू दे. मग वाटलं, बाळाला काही झालं असेल. उचलली, दाबली. समोर आइला नव्हती. समोर तिची सासू होती, डोरीनबाई, मोत्यांची माळ घालून, मागे दहाबारा पाहुणे केक खात उभे. माझ्या एका हातात पाटी आणि दुसऱ्या हातात जुडी. जुडीनं जेवढं झाकायचं तेवढं झाकलं. अक्का, एप्रिलपर्यंत जुडीची पानं वाळून गळतात, हे मला त्या क्षणी फार प्रकर्षानं कळलं. डोरीनबाई मोठ्या धीराच्या. त्यांनी हात हलवला. मी जुडी हलवली, आणि ती चूक होती. मग काच पांढरी झाली, एक चिरका आवाज आला आणि पाटी मेली.

इथपर्यंत हसलीस ना? आता पुढचं ऐक. मी पाटी ओट्सच्या पोत्यात पुरली, पोतं भट्टीशेजारी ठेवलं आणि चार दिवस त्याच्याजवळ बसलो. मुस्तीही बसला. ओलं धान्य सुकतं तर पाटी का सुकू नये, एवढंच माझं शास्त्र. पण मनात दुसरंच चाललं होतं. तिकडे तिला वाटलं असेल, बाबा परत तुटले. फोन लावू शकलो असतो. दोनदा उचलला, दोनदा ठेवला. फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक नाही. ठाऊक होतं फक्त माझ्या एल्माला. ती होती तोवर फोन तीच धरायची. आइला काही विचारायची, मी टेबलापाशी बसून मान हलवायचो, आणि एल्मा फोनमध्ये म्हणायची, ‘बाबा हो म्हणतायत.’ वीस वर्षं आमचं असं सुरळीत चाललं. म्हणजे मी बोलतो असाच माझा समज होता.

पाचव्या दिवशी पाटी जिवंत झाली. (एक बटण गेलं. कशाचं होतं ते कळलं नाही, म्हणजे गरज नव्हती.) सहाला वर चढलो. आइला समोर आली, डोळे सुजलेले. म्हणाली, “मला वाटलं पुन्हा रागावलात.”

मी म्हटलं, “वाफ लागली.”

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग एकदम म्हणाली, “बाबा, माझ्या लग्नाला का नाही आलात?”

“तू बोलावलंच कुठे? तारीख नाही, तिकीट नाही.”

“मी फोन केला होता! आई गेली त्याच वसंतात. मेमध्ये लग्न आहे, याल ना, असं विचारलं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी दोन मिनिटं वाट बघितली आणि फोन ठेवला.”

“मी हो म्हटलं होतं.”

“कधी?”

“तेव्हाच. दोनदा.” आणि अक्का, मी तिला करून दाखवलं. मान हलवली, एकदा, मग परत एकदा. आणि हलवता हलवता माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी स्वयंपाकघरात फोन धरायला एल्मा नव्हती.

लाज वाटते लिहायला. मी पासपोर्ट काढला होता. लाप्तीला जाऊन निळा सूट शिवून घेतला होता, तो अजून कपाटात आहे. तारीख कळेल म्हणून पोस्टमनची वाट बघत बसलो, आणि कळली नाही तेव्हा ताठ्यात विचारलं नाही. तुला सांगितलं, पोरीनं बोलावलंच नाही. तू माझी बाजू घेऊन तिच्याशी बोलणं टाकलंस. तिची चूक काडीची नव्हती. बापानं फोनवर मान हलवली, एवढाच सगळा गुन्हा.

आइला आधी हसली की आधी रडली ते सांगता येत नाही, आवाज मागून येत होता. मग म्हणाली, “बाबा, जूनमध्ये युहान्नुसच्या सणाला बाळाला घेऊन येऊ का? बाप्तिस्मा आपल्या चर्चमध्ये करायचाय.” मी मान हलवली. आणि कॅनडात, समुद्रापलीकडे, ती म्हणाली, “दिसलं, बाबा.”

असो. तर अशी ही पाटी. बॅटरी लवकर संपते, अक्षरं मुंगीएवढी, काडी हरवते, शेजाऱ्याच्या भिडेत राहावं लागतं. फायदा एकच. घे.

गुडघ्याची काळजी घे. मांजराला गोंजार.

तुझा,
तावेत्ती

ता. क. पाद्रीसाहेबांना सगळं सांगितलं. ते “बरं” म्हणाले, पण या वेळी जरा मोठ्यानं. मार्ता आता सहाला येऊन खालच्या फळीवर बसते. बाळ बघते आणि भाताची कापं मात्र बंद केलीत.

ता. क. डोरीनबाईही येणार आहेत. त्यांना सौना बघायचा आहे म्हणे. निळा सूट हवेवर टाकला आहे.

ता. क. आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. आईनं तुझ्यासाठी शिवलेला बाप्तिस्म्याचा पांढरा झगा तुझ्या पेटीत आहे. त्याच्या काठावर नावं भरली आहेत, तुझं, माझं, तापानीचं, आइलाचं, आणि पुढे जागा आहे. ‘त्या पोरीच्या पोराला तो मिळणार नाही’ असं तू माझ्यासाठी म्हणाली होतीस, ते मी विसरलो, तूही विसर. युहान्नुसला झगा घेऊन ये, आणि सुईदोराही आण, कारण आपल्यात तुझाच हात चांगला आहे. हे वाचून तू आता टेबलापाशी मान हलवते आहेस, मला पक्कं माहीत आहे. अक्का, ते इथे दिसत नाही. कागद घे आणि लिही.