नवरात्रातली गोळी

१ ऑक्टोबर, मंगळवार
आषाढापासून इथे काही लिहिलं नाही. वही माझीच, माफी कुणाची मागायची, तरी मागते. लिहायला बसले की गोळीवरच येत होते, तो विषय नको होता.
ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) झाल्यावर वाटलं, सुटले. मग डॉक्टर म्हणाले, आता हार्मोनची गोळी, पाच वर्षं. स्तनाचा कॅन्सर परत येऊ नये म्हणून. कबूल. पण अंगातून वाफा निघतात, गुडघे धरतात, बारावीच्या वर्गावर शिकवताना साधा शब्द आठवत नाही. आणि पाळी गेली. चव्वेचाळिसाव्या वर्षी.

३ ऑक्टोबर, गुरुवार
घट बसले. सकाळीच रेखाला, धाकट्या जावेला, अडचण आली. आमच्याकडे तेव्हा देवघरात, स्वयंपाकघरात जायचं नाही. ती पुढच्या खोलीत खाटेवर, उशाशी मोबाइल. ताट मी नेऊन द्यायचं. घट, माळ, अखंड दिवा, उपवासाचं सगळं माझ्यावर.
आत्या (सासूबाई) शेजारणीला कौतुकानं सांगत होत्या, "सुषमाचं बरं झालं. देवीनंच मोकळी केली तिला. आता कवाबी घटाला चालती."
देवीनं नाही, गोळीनं.
रेखाचा हेवा वाटला. ती लग्न होऊन आली तेव्हा याच बाजूला बसवण्यावरून मी आत्यांशी भांडले होते, तिच्यासाठी. आज वाटलं, त्या खाटेवर मी का नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
रेखानं दारातूनच विचारलं, "ताई, तुमच्याकडं पॅडची पाकिटं पडून असतील ना? तुमाला आता काय करायचीत."
काढून दिली. तिच्या मनात काही नव्हतं. अगदीच नव्हतं?
वर म्हणते, "तुमी सुटलात बघा. माझी कंबर लई धरलीय."
दुखऱ्या कमरेचाही हेवा वाटावा...
जेवणानंतरची गोळी घेतली नाही. 'विसरले' असं लिहिणार होते. विसरले नाही.

६ ऑक्टोबर, रविवार
कालही नाही, आजही नाही. तीन दिवस गोळी सोडून पाळी येत नसते, कळतं मला. मग कशासाठी?
हे धारूरच्या बाजारातून आले, तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, गोळी बंद केली तर?
"त्रास हाय म्हणून औषध सोडायचं? आन् उद्या काय झालं म्हंजी?"
बरोबर आहे. पण वाफा यांच्या अंगातून निघत नाहीत.
रेखा न्हाऊन अंगणात केस वाळवत होती. कमरेपर्यंत आहेत. माझे केमोनंतर जेमतेम मानेवर आलेत. यांनी तिकडे पाहिलं. की मीच पाहत होते, आणि यांच्यावर ढकलते आहे?

८ ऑक्टोबर, मंगळवार
दुपारी डाग दिसला. थोडासाच, गुलबट.
आधी आनंद झाला, हे खरं. न्हाणीत एकटीच हसले. मग डॉक्टरांचं आठवलं: पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच कळवायचं, गर्भपिशवीचं अस्तर तपासावं लागतं. या गोळीनं तिथंही कॅन्सर होऊ शकतो. गोळीमुळे असेल, सोडल्यामुळे असेल, नुसती पाळीही असेल. ठरवणारी मी कोण?
सकाळची माळ मीच चढवली होती. आत्यांना तोवर सांगितलं नव्हतं. दिव्याची वेळ झाली तेव्हा रेखाला म्हटलं, तू तेल घाल.
"कावून? तुमाला काय झालं?"
"अडचण."
तिचा चेहरा उजळला. "म्हंजी चांगलंच की, ताई."
तेलाची बाटली तिनं माझ्या हातून घेतली नाही. मी खाली ठेवली, मग तिनं उचलली.
आता मी त्या खाटेवर. हवी होती ना जागा? आत ती काहीतरी सांगून आत्यांना हसवते आहे. तिला नुसती पाळी येते, दुसरं काही नाही. अजून हेवाच वाटतो. भीतीपेक्षाही जास्त, हे लिहायला लाज वाटते.

उद्या: डॉक्टरांना फोन करून डागाचं आणि सोडलेल्या गोळ्यांचं सांगणे.