बंदी उठेपर्यंत

२९ मे, थळ

गमबूट धुतले, वाळवले. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पिशवीत बांधले आणि खाटेखाली ठेवले. पिशवीवर नाव घातलं — विनेश, आठ नंबर. एक ऑगस्टला लागतील.

मासेमारीची बंदी एक जूनपासून. बाबा म्हणाले, "दोन महिने बोट वर. बंदी उठंपर्यंत जा मुंबयला. कॉफीचा जमला तर रहा, न्हायतर एक तारखेला बोटीवर."

आईला अजून पटलेलं नाही. "कॉफी करायला शिकावा लागतो व्हय? दूध उतू गेला न्हाय म्हंजे झाला."

खरं कारण अख्ख्या कोळीवाड्याला माहीत आहे. कोळ्याचा मुलगा, आणि मला बोट लागते. चुलतभाऊ भिकू म्हणतो, विनेश बोटीवर असला की मासळीला वेगळा चारा टाकायला नको.

३० मे, मुंबई

लोक मांडव्याहून लाँचने तासाभरात येतात. मी पेणवरून एसटीने आलो. पाच तास. वडखळला तीही लागली.

२ जून

कॅफे वांद्र्याला. पद — शिकाऊ बरिस्ता. काम — कप धुणे. माणगावचा प्रीतम इथे दोन वर्षं आहे, त्यानेच चिकटवलं. त्याच्याच खोलीवर राहतो.

कॉफीचं मशीन मुख्य बरिस्ता हेतलमॅडमच्या ताब्यात. "तीस जुलैला परीक्षा. पास झालास तर मशीनवर. तोवर सकाळी दुकान उघडायच्या आधी सराव कर."

मी बारावी नापास. परीक्षा मला बोटीसारखीच लागते.

९ जून

दुधाच्या फेसाने कॉफीवर बदाम काढायचा असतो. माझा पापलेट झाला. प्रीतम म्हणाला, "शेपूटपण काढलीस की रे."

१० जून

पापलेट.

२४ जून

आज ओरडा खाल्ला. लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा होणार नाही.

कॉफी पंचवीस ते तीस सेकंदांत कपात उतरायला हवी. आज पावसाने सगळं ओलं, आणि पूड चिमटीत धरली तर बोटाला चिकटत होती. घरी बोंबील वलांडीच्या बांबूंवर वाळत घालण्याआधी आई मीठ असंच चोळून बघते. चिकटलं की म्हणते, "आज न्हाय." मला वाटलं, ओल्या पुडीतून पाणी अडणार. न विचारता ग्राइंडरचं दळण्याचं चाक दोन खुणा फिरवलं, पूड थोडी जाड केली. कॉफी अठ्ठावीस सेकंदांत उतरली.

हेतलमॅडमने विचारलं, "ग्राइंडरला हात कोणी लावला?"

मी सगळं खरं सांगितलं. बोंबलाचंही सांगितलं — ते सांगायला नको होतं.

"शिकाऊ माणसाने चाकाला हात लावायचा नाही. समजलं?"

समजलं. तिने माझी कॉफी प्यायली मात्र. पूर्ण.

११ जुलै

पहिला बदाम! फोटो आईला पाठवला. तिचा फोन आला — "कप भरला का न्हाय? वरती पान कसला पडलाय?"

२९ जुलै

बाबांचा आवाज ऐकून पंधरा दिवस झाले. बोटीला रंग लावत असतील. मी नापास झालो तर परवा रात्री घरी, नंतर बोटीवर, नंतर कठड्यावर वाकलेला. या खेपेला लिंबं जास्त नेईन.

३० जुलै

नापास.

सकाळपासून धो धो पाऊस. पूड चिकटत होती. मला कळत होतं. चाक हाताशी होतं. नियम आठवला, हात मागे घेतला. कॉफी बेचाळीस सेकंदांनी उतरली. कडू जहर. वरचा बदाम सुरेख आला होता, हे लिहायलाही लाज वाटते.

हेतलमॅडमने एक घोट घेऊन कप ठेवला. "हवा बदललीय हे तुला कळलं होतं ना?"

"हो."

"मग चाक का नाही फिरवलंस?"

"तुम्हीच म्हणाला होता, हात लावायचा नाही."

तिने उरलेली कॉफी सिंकमध्ये ओतली. मग म्हणाली, "विचारता तरी आलं असतं." पुढची परीक्षा सप्टेंबरअखेर. तोवर कप धुवायचे, राहायचं असेल तर.

राहायचं आहे. पण शब्द बंदी उठेपर्यंतचा होता. बॅग भरली.

३१ जुलै

डेपोतून बाबांना फोन केला. म्हटलं, नापास झालो, निघालोय, उद्या बोटीवर येतो.

"कुठल्या बोटीवर? तुझ्या जागी भिकू हाय. मे महिन्यातच ठरला. तुझे गमबूट त्याच्या पायात हायेत."

मग एक तारखेचं का सांगितलं होतं, विचारलं.

"परतायची तारीख दिल्याबिगर तू घरातनं हलला असतास?"