खोकडीला हाक मारली तेव्हा

आप्पा, परवा मी खोकडीला हाक मारली आणि ती आली. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या नोकरीच्या गोष्टी ऐकता ऐकता तुम्ही नक्की डुलक्या घेतल्या असत्या. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी कतारला आले. इथे फुटबॉलचा वर्ल्ड कप व्हायचा आहे, आणि त्यासाठी सगळा देश खणून ठेवला आहे. मी साइटवर सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे दिवसभर उन्हात फिरून "हेल्मेट घाला, चमकणारं जॅकेट घाला" असं ओरडत राहायचं, आणि जो घालणार नाही त्याला सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करायचं. लोक मला टाळून लांबच्या वाटेने जातात. आई फोनवर म्हणते, अगदी बापावर गेलीस, आणि मला ते ऐकायला फार आवडतं.

तुम्ही वनरक्षक. शिकार कधी केली नाहीत, पण शिकाऱ्याची सगळी विद्या तुमच्यापाशी होती. माळावर कोल्हे, खोकडी किती उरल्यात हे बघायला तुम्ही त्यांना बोलवायचात. हाताच्या मागच्या बाजूला ओठ दाबून हवा आत ओढायची, की जखमी सशाची किंकाळी निघते. रविवारची सकाळ आहे, आई भाकरी थापतेय, आणि चुलीपाशी बसून तुम्ही मला ही किंकाळी शिकवताय. माझा हात थुंकीने ओला झालाय, नुसते फुर्रफुर्र आवाज येताहेत. मग एकदाची ती निघते, अशी काही निघते की शेजारचं मांजर खिडकीतून धाडकन आत येतं आणि दुधाचं पातेलं लवंडतं. "घरात ससे मारू नका!" आई पिठाचे हात उगारून ओरडते. तुम्ही मात्र मांजराकडे बोट दाखवून म्हणता, "बघ, फसलं की नाही? जमलं पोरीला!" त्या दिवशी सगळ्यांनी कोरा चहा प्यायला.

माळावरचा पहिला धडा इतका सोपा गेला नाही. वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे आपला वास जनावराकडे जात नाही. पाठीशी झुडूप ठेवायचं. पहिली हाक हळूच मारायची, कारण जनावर जवळच असलं तर दचकतं. आणि मग गप्प बसायचं. हे शेवटचंच मला जमेना. मी एकामागून एक किंकाळ्या फोडत सुटले, तेव्हा तुम्ही माझा हात तोंडावरून खाली घेतलात. "अगं, ससा केव्हाच मेला. आता काय त्याचं भूत ओरडतंय का?" मी रडवेली झाले. माझा फुगलेला चेहरा बघून तुम्हाला हसू आवरलं नाही, आणि येताना बोरं तोडून दिलीत.

परवाची गोष्ट अशी. उत्तरेकडच्या मदिनत अश शमाल गावाच्या वाटेवर गाड्या लावायला एक मोठं मैदान सपाट करायचं काम चाललंय. त्याच्या कोपऱ्यात मातीचा ढिगारा आहे आणि त्यात अर्धवट पुरलेला जुना पाइप. आमचा रोलरवाला बीडकडचा. तो दुपारी माझ्याकडे आला, "मॅडम, त्या पायपात खोकड हाय बघा. पिल्लं बी आसतील, बारकी पावलं उमटल्यात. उद्याच्याला तिथं रोलर घालायचा म्हनत्यात. मपल्याच्यानं नाही व्हायचं." मी प्रोजेक्ट मॅनेजरकडे गेले. हा हैदराबादचा, तारखांनी पिळून निघालेला माणूस. "मॅडम, यहाँ कोई फॉक्स-वॉक्स नहीं है. सुबह रोलर चलेगा, खलास." मी हटेना, तेव्हा वैतागून म्हणाला, "अच्छा, दिखाओ. आँख से देखूँगा तो मानूँगा. नहीं तो सुबह काम चालू." रात्रीतून पिल्लं दुसरीकडे ने, असं खोकडीला कुणी सांगायचं, आणि सकाळी रोलर तर येणारच होता.

ऊन कललं तसे आम्ही तिघं सिमेंटच्या पाइपांच्या चळतीपाशी जाऊन बसलो. वारा उत्तरेकडून, बरोबर तोंडावर. मी हळूच हाक मारली. काही नाही. थांबले, पुन्हा मारली. काही नाही. मॅनेजर घड्याळ बघायला लागला आणि माझा धीर सुटला. काय चुकतंय तेच कळेना. मग सहज स्वतःकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. मावळतीचं ऊन अंगावर, आणि अंगात ते जॅकेट! लग्नाच्या मांडवासारखी मी झगमगत होते. एक किलोमीटरवरून माणूस दिसावा म्हणूनच ते शिवलेलं असतं, आणि मी ते घालून लपून बसले होते. मी जॅकेट काढलं, हेल्मेट काढलं, दोन्ही बुडाखाली घेतलं. त्या दोघांनाही काढायला लावलं. रोलरवाल्याला आदल्याच दिवशी हेल्मेटवरून मी मीटिंगमध्ये उभं केलं होतं. तो माझ्याकडे असा बघत राहिला की विचारू नका.

मग एकच हाक मारली. अगदी बारीक, मरायला टेकलेल्या सशाची. पाइपाच्या तोंडाशी आधी कान दिसले, तळहाताएवढे मोठे. मग ती सगळीच बाहेर आली, वाळूच्याच रंगाची, आणि मान वाकडी करून आमच्या दिशेने बघत उभी राहिली. तिच्या पोटाखालून आणखी दोन तोंडं डोकावली. "या अल्लाह," मॅनेजर पुटपुटला, "बच्चे भी हैं." दुसऱ्या क्षणी ती पिल्लांना घेऊन पाइपात पसार झाली. पण बघायचं ते त्याने बघितलं होतं. परतीच्या वाटेवर त्यानेच फोन करून त्या कोपऱ्याला नारिंगी जाळी लावायला सांगितली. पिल्लं मोठी होऊन निघून जाईपर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही. "चार गाड़ी कम लगेगी, क्या फरक पड़ता है. यल्ला, चाय पिलाओ मॅडम." दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये, साइटवर जॅकेट काढल्याबद्दल, मला उभं करण्यात आलं. रोलरवाल्याने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. आप्पा, इतकी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. खोकड पळाली, याचं मॅनेजरला अजून वाईट वाटतंय. त्याचा फोन वाजला म्हणून ती बिथरली असं तो सगळ्यांना सांगतो, माझी माफी मागतो, आणि मीही खुशाल मागू देते. फोन ती पळाल्यावर वाजला. ती समोर उभी होती, आणि मी चटकन मान वळवून बाजूला बघितलं, तुम्हाला दिसली का म्हणून.