त्या बाजूला आईचा आवाज आहे

नायगाव,
१२ ऑगस्ट २०२४

चि. हितू,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू माझा नंबर ब्लॉक केलायस, तेव्हा गौतमला गळ घालून तुझा पत्ता मिळवला. मित्रावर डाफरू नकोस.

तुझ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड हवाय. चालू करताना दोन नावं येतात ना, त्यातलं विंडोज तात्या वीजबिलासाठी वापरतात. मला हवीय ती दुसरी, तुझी कुलूपबंद लिनक्सची बाजू. घशाच्या ऑपरेशनआधी तू आईची गौरीची गाणी रेकॉर्ड केलीस, ती तिथेच आहेत. ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला, तेव्हापासून पाटीवर लिहून बोलते. आता दुखणं उलटलंय. डॉक्टर गौरीपर्यंतचीही खात्री देत नाहीत. दहाएक दिवसांपूर्वी तिने लिहिलं, "माझा आवाज एकदा ऐकव."

कुलूप का घातलंस ते मला ठाऊक आहे. एका खोलीत आपण सगळे, तुला स्वतःचा कोपरा म्हणून तेवढाच होता. तू दीपिकाला पाठवलेले मेसेज वाचून तात्या तिच्या घरी तमाशा करून आले, त्यानंतर मीही तेच केलं असतं. "माझ्या घरात माझ्यापासून कुलूप कित्याक?" हे त्यांचं अजून चालू असतं.

हितू, मी उगाच गोल गोल फिरतेय. नुसत्या पासवर्डने आता भागणार नाही.

मागच्या रविवारी तात्या विंडोजमधूनच तुझी बाजू उघडायला गेले. आईसाठीच रे. "ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करा" असं आलं आणि त्यांनी 'होय' दाबलं. मी ओरडले तर म्हणतात, "मोबाइलवाल्यान फॉरमॅट मारल्यान तेव्हा माझो फोन बरो झालो ना?" मग खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

गौतम बघून गेला. म्हणाला, "ताई, आतलं बरंचसं असेल. पण कुलूप उघडायची किल्ली ज्या सुरुवातीच्या भागात असते, तोच पुसला गेलाय. आता पासवर्ड असूनही हितूला उघडणार नाही. त्या भागाची कॉपी त्याने पेनड्राइव्हवर काढून ठेवली असेल, तरच." ठेवलीयस का रे? बॅगा उलट्या कर, जुने कपडे झाड. पाया पडते तुझ्या.

अजून एक राहिलं. तात्यांनी आईला खरं सांगितलं नाही. "हितू पासवर्ड देत नाय," म्हणाले. मी तिथेच होते आणि गप्प बसले. आईने पाटी ओढून लिहिलं, "त्याचं आहे ते. मागू नका." तेव्हापासून ती गाण्यांचं नाव काढत नाही. तिच्यासमोर जेवायला बसायचं मी टाळते.

कॉपी असेल तर घेऊन ये. नसेल तरी ये, आणि मागितला असता तर पासवर्ड दिला असतास, एवढं तिला तुझ्या तोंडाने सांग.

तुझ्यापुढे हात जोडून,
आकांक्षाताई